कारणाचा रकाना

नवी पिस्तुलं आली चौदा,
काळ्या प्लास्टिकच्या डब्यांत.
आखूड नळी, आखूड मूठ,
करंगळीला जागाच नाही, ती खाली लोंबते.
तेरा पोरांनी चालवून पाहिली.
शेवटचं मी. ही माझी जुनी रीत.

तिसऱ्याच गोळीला
पुंगळी उडायची सोडून खिडकीत उभी राहिली,
अर्धी आत, अर्धी बाहेर,
उंबऱ्यावर रुसून बसलेल्या जावयासारखी.

मे महिना. शस्त्रागारातल्या कूलरचं पाणी
सकाळी नऊलाच संपतं.
मी बारापात्रे, एकतीस वर्षं आर्मरर,
या टेबलावर किती नळ्यांची दुखणी ऐकली.
म्हटलं, थांब लेका, तुला सरळ करतो.

आधी ग्रीस पुसलं. कारखान्यातलं ते पिवळं ग्रीस
गंज चढू नये म्हणून थापतात, चालावं म्हणून नव्हे.
रुळांवर तेलाचे दोनच थेंब.
नागपूरची धूळ तेलाच्या वासावरच असते.
चौथ्या गोळीला अडलं.

मॅगझीन बदललं. अडलं.
दारू हलकी असेल म्हणून गोळ्यांचा लॉट बदलला.
अडलं.
एक्स्ट्रॅक्टरची नखी भिंगाखाली धरली,
मांजरीच्या पिल्लाची असावी तशी, शाबूत, तीक्ष्ण.
स्प्रिंग मात्र हट्टी. दाबताना अंगठा पांढरा पडला.
दोनशे गोळ्यांनंतर नरमते म्हणतात.
दोनशे गोळ्यांवर सही कोण करणार?

रात्री जेवताना डोळ्यांपुढे तीच खिडकी.
कुंदा म्हणाली, वरण सांडलं तुम्ही पुन्हा.
मी म्हटलं, वाटीच उथळ आहे.

तिसऱ्या दिवशी कंपनीला पत्र लिहायला घेतलं,
सदर शस्त्र सदोष असून,
इथवर आलो तर दारात चित्रा तितरमारे.
मौद्याची पोरगी, बापाची पंक्चरची टपरी,
लहानपणापासून हातात पान्हा.
"द्या न काका, मी पाह्यतो एकडाव."
दिलं. थोडं हसलोही.

मातीच्या ढिगापुढे दहा गोळ्या.
दहाही पुंगळ्या उजवीकडे, एकाच वळणाने,
कढईतून लाह्या उडाव्यात तशा.
एक माझ्या बुटाशी येऊन थांबली, गरम.
पुन्हा दहा. पुन्हा दहा.
"याले त काईच नाई झालं काका."

मी तिचं मनगट पाहत होतो.
स्लाइड मागे धावायची, मनगट जागचं हलायचं नाही.
हे तर मीच शिकवलं, फळ्यावर खडूने काढून:
लहान पिस्तुलाला मागे भिंत लागते.
मनगट ढिलं असलं की धक्का हातातच जिरतो,
स्लाइड पुरती मागे येत नाही,
पुंगळी निघता निघता चिमटीत सापडते.
पिस्तुलाला नावं ठेवू नका, म्हणायचो,
आणि पोरं माना खाली घालायची.

उजवा हात टेबलावर ठेवला.
अंगठा आणि तर्जनी
आपापसात वात वळत होती,
कापूस नसताना.
कधीपासून, कोण जाणे.

चित्राने पाहिलं.
मग ती पुंगळ्या वेचायला बसली. हिशोबाच्या असतात,
तीस म्हणजे तीस.
तीस वेचायला लागतो त्याहून जास्त वेळ लावला तिने.

रजिस्टर उघडलं. शस्त्र क्रमांक चौदा.
तक्रार: पुंगळी अडकणे.
कारण:
तिथे पेन टेकवलं आणि शाईचा ठिपका
कडा फाटत फाटत मोठा झाला.

"तितरमारे, अक्षर बरं आहे न तुझं?"
"हो."
"मग हे लिही."
तिने पेन घेतलं, टोपण मागे खोचलं.
"काय लिहू काका?"

बाहेर कोणीतरी कूलरमध्ये
बादली ओतत होतं.