सहाशे वाव खालून

एस्पादा म्हणजे तलवार.
कामारा दे लोबुशच्या धक्क्यावर पहाटे चारला
तलवारी करंड्यांतून उतरतात,
काळ्या, ओल्या, कमरेइतक्या लांब,
डोळे बाहेर आलेले,
दार न वाजवता कुणी आत शिरलं
की माणूस बघत राहतो, तसे.

दोर सहाशे वाव सोडावा लागतो.
बाप सांगायचा, झेफेरिनु,
दोर उतरेस्तोवर एक सिगारेट संपते,
दुसरी अर्धी होते,
तरी तळाचा थांग नाही. लागूही नये.
गळाला माकूळ लावायचं
आणि रात्रभर वाट पाहायची
कधी न पाहिलेल्या कुणाची तरी.

मी बोटीवर गेले नाही. बायकांच्या वाट्याला पोटं.
सुरी गळ्याशी रोवून खाली ओढली
की बाहेर पडतं त्यांचं कालचं जेवण.
माझा समुद्र तेवढाच:
लालभडक कोळंबी,
(खाली लाल म्हणजे काळंच, कुणाला दिसणार?)
बोटाएवढा मासा, पोटाखाली दिव्यांची ओळ,
त्यातले दोन अजून धुगधुगणारे.
आणि काचेचं काहीतरी,
ज्याच्या आरपार माझा अंगठा दिसतो.

फुंशालहून डॉक्टर इल्दा येतात, बरण्या घेऊन.
दर पोटाला अर्धा युरो.
त्या म्हणतात, वर जे मरतं, झडतं, हगलं जातं
ते आठवडेच्या आठवडे भुरभुरत खाली जातं,
आणि तिथं अंधारात कुणी एक
लांब धागा सोडून बसलेलं असतं,
धाग्याला लागेल ते चाटून जगतं. शिकार नाही, घाई नाही.
"म्हणजे आमचं उष्टं?" बेन्विंदानं विचारलं.
"उष्टं तर उष्टं," इल्दा म्हणाल्या, "पोट भरतं."

मार्चमध्ये दोरात गुंतून एक आली.
मुठीएवढा काळा गोळा, तोंडभर सुया,
कपाळावर काठी, काठीला विझलेला कंदील.
पोटाला चामखीळ. मी सुरी लावली.
"थांब!" इल्दा ओरडल्या. "तो नवरा आहे तिचा."
एकदा चावला की सुटत नाही म्हणे.
डोळे जातात, आतडी जातात,
तिचंच रक्त त्याच्यात फिरत राहतं.
आम्ही पोट धरून हसलो.
"घरोघरी तेच," इश्तेला म्हणाली.
बेन्विंदा हसली नाही.
तिचा फाउश्तीनु सत्त्याण्णवला गेला, बोटीसकट.
ती अजून दोन बश्या मांडते.
तिनं ओल्या तळव्यानं ती चामखीळ झाकली,
उघड्या अंगावर पांघरूण ओढावं तशी.

मूळ विचारू नये म्हणतात. इल्दा विचारतात.
इतकी पोटं फाडली,
एस्पादाचं पिल्लू त्यांच्या हाती लागलं नाही.
एक बरणी सात वर्षं तयार आहे,
चिठ्ठी डकवलेली, रिकामी.
मी तिच्यावरची धूळ पुसते कधी कधी.

वर हॉटेलात ती तळून केळ्याबरोबर वाढतात.
पाहुणे विचारतात, मासा मुळात काळाच का?
वेटर हो म्हणतो. कुठं वेळ घालवायचा.

बाप म्हणायचा, नाही.
शेवटच्या दहा वावांत, बत्तीच्या उजेडात,
ती तांब्याची असते,
चिंचेनं नुकत्या घासलेल्या तांब्याची.
मग दोराला, कठड्याला घासत सगळं निघून जातं.

"किती वेळ दिसते तशी?" मी विचारलं होतं.

त्यानं काडी ओढली.
फुंकली.
"एवढा."