बेचाळीस शब्दांचा हत्ती

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये, माळ्यावर,
भिंतींना गाद्या ठोकलेल्या खोलीत
मी तीन दिवस शब्द बोलले.
एकूण बेचाळीस.
पंखा बंद, कारण पंखाही बोलतो.
एप्रिल. ओढणी पाठीला चिकटलेली.

काचेपलीकडे भाविन पांचाळ
दोन बोटं हवेत फिरवायचा : फरी.
मग मी पुन्हा : गाय.
फरी.
गाय.
फरी. गाय, पण जरा हसून.
अठराव्या वेळेला तिचं दूध आटलं असणार.

पुण्याहून फोनवर एक बाई ऐकत असायच्या.
तुमच्या मराठीला बडोद्याचा हेल आहे, म्हणाल्या,
तेवढा काढता येईल का?
यादीत खिडकी होती.
दांडिया बाजारात आमच्याकडे ती चार पिढ्या बारीच.
मी खिडकी म्हणाले, स्वच्छ,
दुसऱ्याच्या घराची उघडावी तशी.

मंमं नको, भुर्र नको, हम्मा तर नकोच.
हे शब्द नाहीत, बाई म्हणाल्या.
आणि श्वास काढा मधले,
मुलांना श्वास कशाला?
भाविननं श्वास काढले.
चिपमध्ये जागा बत्तीस सेकंदांची,
म्हणून ‘आई’तली ई त्यानं आखूड केली.
राहिली नखाएवढी.

घरी अबोली. बावीस महिन्यांची.
बोलत नव्हती.
असलं नाव ठेवलंत, मग काय होणार,
असं म्हणणाऱ्या चार जणी जिन्यातच भेटायच्या.
रावपुऱ्यातले डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, थांबा.
मी थांबले.
तिचे बाबा नंदेसरीला रात्रपाळीत थांबले.
दिवसा ती कोकिळाबेनकडे,
आणि मी अकरा हजार रुपयांत
लोकांच्या मुलांना पाणी म्हणायला शिकवत होते.

नमुन्याचा हत्ती घरी आला. पिवळा, एका सोंडेला जरा कमी रंग.
अबोलीनं त्याचा डावा कान दाबला.
गाय, मी म्हणाले,
म्हणजे मी नाही, मी तर भाजी निवडत होते.
तिनं हत्तीच्या तोंडात पाहिलं.
शेपटीखाली पाहिलं.
मग माझ्याजवळ येऊन
एका मुठीत माझे दोन्ही ओठ गच्च धरले
आणि दुसऱ्या हातानं कान दाबला.
चेंडू, म्हणालं माझं कुणीतरी.
बराच वेळ तिनं ओठ सोडले नाहीत.

पुढचे नऊ दिवस हत्ती बोलला. ती नाही.
गाय, चेंडू, छत्री, आई, पाणी.
पाणीनंतर, अगदी कान लावला तर,
कापायचा राहून गेलेला भाविन
गाद्यांच्या आतून बोलल्यासारखा :
फरी.
मला वाटलं, एवढं कोण ऐकतंय!

दहाव्या दिवशी दिवे गेलेले.
खिचडी गरम होती.
मी चमच्यावर फुंकर मारली,
ती चमच्यावरून घसरून तिच्या कपाळावर गेली,
बट उडाली.
अबोली माझ्याकडे पाहत राहिली.
फरी, म्हणाली.

मी फुंकर मारली.
फरी.
फुंकर.
फरी.
अंधारात कितीदा, मोजलं नाही.
खिचडीचं पार दगड झालं
आणि मला घेरी यायला लागली तरी
ती दोन्ही डोळे मिटून, कपाळ पुढे करून बसलेली.

सोमवारी भाविनला सांगितलं.
तो एवढंसं तोंड करून म्हणाला, सॉरी बेन, माझी चूक,
लगेच काढतो.
काढलीसुद्धा.
बाजारात गेलेल्या हत्तींमध्ये
पाणीनंतर आता काहीच नाही.

नमुना मी परत दिला नाही.
हरवला, असं कळवलं.
त्याचे सेल संपत आलेत;
गाय हल्ली म्हशीच्या आवाजात येते,
आई तर कुणी आजोबाच म्हणतात.
अबोली त्याला रोज ओरडते,
बारीशी उभी राहून, तिच्या हेलात.