बेचाळीस दाते

कौलांच्या कारखान्याचा एकच फोटो उरलाय,
आणि त्यातही बरोब्बर मोठ्या चाकापुढे
इनास उभा, कंबरेवर हात ठेवून,
नवा सदरा दिसावा म्हणून.

मागच्या चाकाला दाते किती?
वेंगुर्ल्याच्या खाडीकाठी आता नुसता तेरडा,
बीड कधीच भंगारात, किलोवर गेलं.
मग सुकटीच्या शेडवर चढलो,
एक कौल उतरवलं, पोटावर साच्याच्या तड्याचा वळ.
जाडीवरून दाब काढला, दाबावरून स्क्रूचा आटा,
आट्यावरून चाक.
बेचाळीस धरले.
खरं खोटं इनास जाणे.

महिनाभराने लॅपटॉप रुजायबायच्या पुढ्यात ठेवला.
बोटांचे खवले पुसून ती वाकली.
चाक फिरलं, साचा उतरला,
ओलं कौल अलगद बाहेर आलं,
पुन्हा, पुन्हा, सेकंदाला चोवीस चित्रं.

"माती कोण घालता?"
कोणी नाही, म्हटलं, आपोआप.
"आपोआप," ती म्हणाली, आणि सुरमईकडे वळली.
विळीवरूनच मग, मान वर न करता:
"दुपारचा ता इतक्या बेगीन फिरत नाय होता.
पेज जेवल्यार हात जड."

त्या रात्री दुपार वेगळी केली.
वेग उतरवला, दर फेऱ्याला थोडा थोडा,
चार वाजेपर्यंत.

आणि चाकापुढे एका माणसाएवढी जागा
मोकळी ठेवलीय. काही काढलं नाही तिथे.
फक्त कॅमेरा यंत्राभोवती फिरताना
तेवढ्यापुरता
वळसा घालून जातो.