सत्तावीस किलोचा लाडोबा

खताच्या रिकाम्या गोणीत कुंडलिकेची वाळू भरली,
तोंड सुतळीनं शिवलं,
काट्यावर ठेवली : सत्तावीस किलो, वर दोनशे ग्रॅम.
कागदात लिहिलंय, तिकडचं पोर एवढं भरतं
आणि उघड्या खणांवर पाय देत
कपाटाच्या माथ्यावरचं खेळणं काढायला चढतं.
रुबीनानं गोणीवर खडूनं दोन डोळे काढले.
तेव्हापासून तो लाडोबा.

मी इथं कागद सांभाळते.
जालना, औद्योगिक वसाहत, चौथी गल्ली,
एका अंगाला सळयांची भट्टी, दुसऱ्या अंगाला बियाण्यांचं गोदाम,
मधे आमचं पत्र्याचं शेड.
ओलावा मोजायची सुई लाकडात खुपसते : आठ टक्के.
दुसऱ्या मुलखात लाकूड वाळवायला खोल्या तापवतात,
आमच्याकडे एप्रिल आहे.
पण खोक्याच्या फळ्यांना छप्पन्न अंश लागतात, गाभ्यापर्यंत, अर्धा तास,
तेव्हा कुठं किडे मेल्याचा शिक्का.
मसाजी म्हणाला, ऊन तर आपलं पंचेचाळीस देतंय फुकट,
वरच्या अकराचे एवढे पैसे घेतेत व्हय?

लाल रंगात शिसं चालणार नाही.
पोरं कडा चावतात, असंही लिहिलंय त्यात.
ज्यानं हे लिहिलं
त्याच्या घरात पोर असणार.
किंवा होतं.

पहिल्या दिवशी तिसरा खण ओढला, लाडोबाला टांगलं,
आणि चार खणांचं देखणं कपाट
नाकावर आपटलं.
भट्टीच्या आवाजातही तो आवाज वेगळा कळला.
सगळे हसले. लतीफचाचा नाही हसले.
त्यांनी कपाट उचलायच्या आधी
खालची गोणी ओढून काढली.
फुटली नव्हती.
तरी हात फिरवून बघितला.

शेठचा भाचा म्हणाला,
नमुन्याच्या पाठीत लोखंडाची पट्टी घाला ना,
तपासणारा बघणार एकच,
बाकी एकशे नव्वद आहेत तशी जाऊ द्या.
माझ्यासमोर फॉर्म होता :
सर्व नग नमुन्यासारखेच आहेत.
खाली रेघ. रेघेवर सही माझी.
पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं.
चाचा रंध्यातला भुसा फुंकत बोलले,
‘एक सौ एक्याण्णव लाडोबे हैं फिर, बेटी.’
तेवढंच.
भाचा फोनवर बोलत बाहेर गेला.

मग नऊ रात्री.
पुढचे पाय दीड इंच पुढं सरकवले,
पाठीला जाड फळी,
आणि आत एक बोटभर दांडी :
एक खण उघडा असला
की बाकीचे तिघं हट्टानं मिटून बसतात.
चाचा म्हणे, घरात असंच असतं, एकानं तोंड उघडलं की.
दहाव्या दिवशी लाडोबा लोंबकळला.
कपाट कण्हलं.
उभं राहिलं.
रुबीनानं टाळी वाजवली, मग हाताला लागलेला सरस बघून शिवी दिली.

सोबत भिंतीला बांधायचा पट्टा, दोन स्क्रू
आणि एक चित्र : पडणारं पोर, त्यावर फुली.
भाषा कुठलीही असो, एवढं वाचता येतं.
एक पट्टा मी घरी मागितला.
शेठनं नोंदवहीत लिहून मग दिला.
नातू चार वर्षांचा आहे, टीव्हीची मांडणी डगमगती,
आणि भिंत अशी की स्क्रू फिरवला
की स्क्रूपेक्षा गिलावाच जास्त बाहेर येतो.
काडीपेटीच्या काड्या ठोकून बसवला शेवटी.
बसलाय का, रोज ओढून बघते.

कंटेनर गेला.
आमच्यातला समुद्र बघितलेला एकटा मसाजी,
त्यानंही रात्रीच बघितला.

सुट्टी झाल्यावर शेडचे दिवे मालवताना दिसलं,
लाडोबा कोपऱ्यात एका बाजूला कलंडलेला.
चाचांनी जाता जाता
त्याला भिंतीला नीट टेकवून बसवलं,
आणि कुलूप मला लावायला सांगितलं.