तळपायाची तीट

पाचवी पुजली त्या रात्री
आईनं माझ्या डाव्या तळपायाला काजळाचं बोट टेकवलं.
गालावरची तीट माणसं बघतात, म्हणायची,
तळपायाची फक्त जमीन बघते.

म्हणून साठीत त्याच जागी
मसुराएवढा काळा ठिपका उगवला तेव्हा मी हसलो.
हिरूबाईची तीट, इतक्या वर्षांनी वर आली.
वर्षभर हसलो.
घणसोलीच्या खाजणात चिखल तुडवलेला पाय,
त्याला कुठलाही डाग शोभतो.

रबाळ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी रंग जुळवले.
एक नेव्ही ब्लू आणि त्याच्या शेजारचा नेव्ही ब्लू,
यातला फरक सांगायचा मला पगार होता.
काळ्याचे अकरा प्रकार माझ्या वहीत आहेत.
निळसर काळा, हिरवट काळा, लालसर,
आणि एक, जो नुसता काळा म्हणून येतो
आणि उन्हात धरला की तपकिरी निघतो.
पायावरचा कुठला होता
ते मी पाहिलं नाही.

जांघेत गाठ आली तेव्हा पाहिलं. मग फुफ्फुसात.

दर एकविसाव्या दिवशी खारघर, सलाईन, सुनेचा डबा.
चौथ्या खेपेनंतर सकाळी उठलो
तर खिडकी टोचली.
सून म्हणाली, डोळे आलेत, गुलाबपाणी घाला.
शेजारची चांगुणा म्हणाली, दृष्ट काढते.
म्हटलं राहू दे बाई,
आधीच थोडी उरलीय.

नातू सहा वर्षांचा. त्यानं पहिल्यांदा ओळखलं.
आजोबा, तुमच्या पापण्यांना पीठ लागलंय.
चोळलं. गेलं नाही.

हनुवटी इथे ठेवा, कपाळ टेकवा, बघा समोर.
डॉक्टर तुळपुळे माझ्या डोळ्यात शिरल्या
आणि बराच वेळ आतच राहिल्या.
मग म्हणाल्या, आत सूज आहे, पडद्याखाली पाणी.
औषधानं शरीराला काळं ओळखायला शिकवलं, काका,
डोळ्याच्या आतही तोच रंग असतो,
शरीराला फरक कळत नाही.

म्हटलं, मॅडम, फरक कळायला मलाही सात वर्षं लागली.

वरच्या मजल्यावरचे म्हणतात
पापण्या पांढऱ्या होणं चांगलं लक्षण, औषध लागू पडतंय.
खालच्या मजल्यावर म्हणतात, काही दिवस थांबवा.
मधल्या मजल्यावर कॅन्टीन आहे.
तिथे आम्ही दोन चहा घेऊन बसलो.
सुनेची साडी मला हळदीची दिसत होती.
ती म्हणाली, पांढरी आहे, मामंजी.
मग उगाच पदर नीट करत राहिली.

आमच्या पेटीत तीन दिवे असायचे,
दिवसाचा, दुकानाचा, घरातला.
पहिल्यात जुळलेला रंग तिसऱ्यात फुटला
की अख्खा लॉट परत.
कधी कधी साहेब दोन्ही तुकडे बोटात धरून
बराच वेळ काही बोलायचे नाहीत
आणि म्हणायचे, चालेल.
जुळलंय असं नाही.
चालेल.

तेवढंच मी वर सांगितलं आणि खालीही.
कुणी लिहून घेतलं की नाही, दिसलं नाही.

आता दर दोन तासांनी थेंब.
गुलाबी झाकण आधी, पांढरं नंतर.
मला दोन्ही सारखीच,
म्हणून सुनेनं एकीला रबर गुंडाळलंय.
बोटं वाचतात.

संध्याकाळी नातवाला खिडकीत बसवतो.
खाडी कशी दिसते रे?
काळी.
कुठली काळी?
तो गप्प बसला. मला आवडलं, गप्प बसला ते.
मग म्हणाला, शाळेच्या बुटासारखी,
पॉलिश केल्यावर नाही, आधी.

वही मागितली.
अकराच्या खाली बारा घातला, लिहिलं,
शाळेचा बूट, पॉलिशच्या आधी.
पेनात शाई होती का
ते त्याला विचारलं नाही.