रिकाम्या जागा भरा

तपकीर गल्लीत, पंख्यांच्या दुकानावर
जिना चढून डावीकडे माझा वर्ग.
सात खुर्च्या. त्यांतली एक डुगडुगते,
जो उशिरा येतो तो तिच्यावर बसतो.

या आठवड्यात भविष्यकाळ आणि उपपदं.
मी सांगते : ‘अ’ म्हणजे कुणीतरी, अजून ओळख व्हायचीय.
‘द’ म्हणजे तोच तो, तुम्हाला मला ठाऊक असलेला.
“मग मराठीत का नाही हे?” कोंडिबा शेलार विचारतो,
चाकणच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवून थेट आलेला.

आपलं भागतं रे त्याच्यावाचून.
आपण नुसतं म्हणतो, लग्न आहे,
आणि ऐकणाऱ्याला कळतं कुणाचं, कुठल्या कार्यालयात,
आहेर केवढ्याचा न्यावा लागेल तेसुद्धा.
आणि बघ, पुढच्या महिन्यातलं लग्नही ‘आहे’.
‘होईल’ म्हणायला आपली जीभ कचरते.

कोंडिबा ‘द’ वाजवतो टेम्पोच्या हॉर्नसारखा.
द नेक्स्ट मंथ आय विल बाय द बाइक इन द चाकण.
मी तीनदा लाल रेघ मारते.
चाकण गाव आहे, त्याला नको.
बाइक कुठली ते अजून तुझं तुलाच माहीत नाही.
आणि येणारा महिना उघड्या डोक्यानं येतो,
त्याला टोपी घालायची नाही.
गोष्टीतला असेल, कधीच होऊन गेलेला,
तर घाल.

निलोफर बागवान नर्स आहे, रात्रपाळीआधी येते.
तिच्या वहीत : आय विल गेट द जॉब इन डब्लिन.
कुठला जॉब? अजून सांगितलायस कुठं? ‘अ’ लिही.
“पण मॅडम, मला माहितीय ना.
तिसरा मजला. खिडकीपाशी चहाची किटली आहे,
मी रोज फोटो बघते.”
मी म्हणते, लिहिणाऱ्याला माहीत असून उपयोग नाही.
वाचणाऱ्याला हवं.
ती खोडते. पण खोडण्याआधी
थोडा वेळ त्या शब्दाकडे बघत राहते.

बुधवारी मी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली.
मराठीत दोन शब्दांत झालं असतं : ऑपरेशन आहे.
मग सात खुर्च्यांवरून सात प्रश्न,
कुणाचं, कसलं, कुठल्या दवाखान्यात,
आणि डुगडुगत्या खुर्चीचा आवाज.
इंग्रजीत जरा आडोसा मिळतो.
म्हणून रिकाम्या जागा ठेवल्या :

डॅश टीचर विल हॅव डॅश ऑपरेशन.
डॅश क्लास विल बी क्लोज्ड.
इट विल स्टार्ट अगेन डॅश नेक्स्ट मंथ.

दहा मिनिटं. पेनांची कुरकुर.
खालच्या दुकानात कुणीतरी गिऱ्हाइकाला
पंखा एकवर, दोनवर, पाचवर फिरवून दाखवत होतं.
कुणी वर पाहिलं नाही. सगळ्यांना वाटलं,
उदाहरण आहे.

वह्या तपासायला घेतल्या.
पाच जणांचं ‘अ‍ॅन ऑपरेशन’. बरोबर.
पहिल्यांदाच उल्लेख आहे, शिवाय पुढे स्वर.
निलोफरनं लिहिलं होतं ‘द’.

पंधरवड्यापूर्वी याच जिन्यात मी तिला विचारलं होतं,
टाके साधारण किती दिवसांनी काढतात गं?
सहजच. तिनं सांगितलं होतं,
आणि माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या फायलीकडे
एकदा पाहिलं होतं.

नियमानं चूक.
लाल पेन मी त्या शब्दावर नेलं
आणि तसंच परत आणलं.
वाचणाऱ्याला हवं, असं मीच म्हटलं होतं.

शेवटची वही कोंडिबाची.
द टीचर. द ऑपरेशन, आता त्याचंही,
पण त्याचं नुसत्या सवयीनं. द क्लास.
तिसऱ्या वाक्यात जागा कोरी.
“राहिली का रे ही?”
“नाही मॅडम,” तो म्हणाला,
“येणारा महिना आहे. टोपी नको.”