किती लांब

मासेरूहून नकाशावाली मुलगी आली,
माझ्याच नावेत बसली, मांडीवर संगणक.
विचारते, न्ताते लेबुसा, दवाखाना किती लांब?

मी म्हटलं, कुणाला?

लोकर विकायला निघालेल्याला दोन चिलमी.
मिठाच्या पोत्याखालच्या गाढवाला अर्धा दिवस.
माझ्या दुखऱ्या गुडघ्याला विचारशील तर
तो दवाखाना अजून बांधायचाच आहे.

ती हसली. लिहिलं: नऊ किलोमीटर.
मग पडद्यावर एक निळं वर्तुळ,
आणि आमचं गाव त्यात बसलं, अगदी कडेला,
ताटाबाहेर सांडता सांडता राहिलेल्या दाण्यासारखं.
सेन्कू नदीही आत होती,
आडवा पडलेला एक केस.

पोरी, हा केस जानेवारीत बघ.
मुळासकट झाडं ओढून आणतो.

तशाच एका रात्री पलीकडे कंदील हलले.
घराचं दार उचकटून त्यावर आणली होती तिला,
ब्लँकेटात गुंडाळून, चौघांनी, दोन डोंगर उतरून.
फोन लागला होता, तेवढं नशीब;
सिस्टर लिमाकात्सो घोड्यावरून येऊन
माझ्या काठावर उभी, पिशवीत सुई तयार.
मध्ये ऐंशी वल्ह्यांचं पाणी.

मी नाव सोडली नाही.

बाळ तिथेच वाळूत सुटलं. वार अडकली.
सिस्टर पाण्यावरून ओरडत राहिली,
पोट चोळा! दगडासारखं होईपर्यंत चोळा!
नदीने त्यातलं 'चोळा' तेवढं पोचवलं,
की तेही नाही, कोण जाणे.
मी साखळी धरून बसलो होतो.
साखळीच्या कड्या मोजल्या. एकतीस.

उजाडता पाणी हातभर उतरलं, तेव्हा गेलो.
येताना दारावर ती होती, आणि घाई नव्हती.

पोरीचं नाव त्सेलेंग. आमच्यात त्याचा अर्थ, वाटेवर.
तीच ही, डब्याने नावेतलं पाणी उपसतेय.
नऊ वर्षांची झाली.

नकाशावालीने बराच वेळ काही लिहिलं नाही.
मग भाडं विचारलं.
दोन मालोटी, म्हटलं. शेळीला एक.
दिवस भरलेलीला काही नाही, रात्र असो, पूर असो.

केव्हापासून, तिने विचारलं.

त्सेलेंग, म्हटलं, साखळी सोड.